अंगणातली कण्हेर आणि दाव्याची बकरी

नरसी नामदेवला आमच्या वस्तीत बऱ्याच अंगणांत कण्हेर आहे. तिला पाणी कमी लागते, फुले भरपूर येतात आणि बकऱ्या तिला तोंड लावत नाहीत. मीही म्हणूनच लावली होती.

ईदच्या आधी घराला चुना देताना फांद्या छाटल्या आणि बकरीच्या खुंट्याजवळच टाकल्या. दोन दिवसांनी अम्मींनी हाक मारली. बकरी चारा सोडून मान खाली घालून उभी होती, तोंडातून लाळ गळत होती. वाळलेली पाने तिने खाल्ली होती. डॉक्टर वेळेवर आले म्हणून वाचली. तिचे करडू मात्र गेले.

बहिणींनो, हिरवी कण्हेर कडू लागते म्हणून जनावर टाळते. वाळली की कडवटपणा कमी होतो, विष मात्र तसेच राहते. पान, फूल, साल, मूळ सगळेच विषारी. थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो. पिवळ्या फुलांची बिट्टीही तशीच, तिच्या बिया तर लहान मुलांनाही घातक. कुंपणावरच्या घाणेरीने यकृत बिघडते, मग उन्हात कातडी सोलवटते. कोवळ्या ज्वारीची किरळ लागते म्हणून शेतात आपण जपतो. अंगणात मात्र बेफिकीर राहतो.

मांजर पाळले असेल तर लिलीचा गुच्छ घरात आणू नका. अंगावर पडलेले परागकण चाटले तरी तिची मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. कांदा-लसूण घातलेले सालनही तिला देऊ नका.

छाटलेल्या फांद्या त्याच दिवशी पुरा. चुलीत घालू नका, धूरही बाधतो. जनावराने काही खाल्ल्याचा संशय आला तर तेल, तूप, मिठाचे पाणी बळेच पाजू नका. ते फुप्फुसात जाऊन जनावर दगावते. त्याला चालवू-पळवू नका. सावलीत शांत ठेवा, उरलेला पाला काढून घ्या आणि लगेच जनावरांच्या दवाखान्यात किंवा 1962 या क्रमांकावर कळवा. खाल्लेल्या झाडाची फांदी डॉक्टरांना दाखवा.

मोकळी बकरी दहा झाडे हुंगून एक निवडते. दाव्याच्या बकरीला समोर पडेल तेच खावे लागते. तिला आपण बांधले, तेव्हा तिच्यासमोर काय पडते हे बघणेही आपल्याकडेच आले.