मोठी घोषणा आणि विहाराचे कुलूप

एप्रिल महिना आला की आपल्या वस्त्यांमध्ये बॅनर लागतात. ‘शासनकर्ती जमात बना’, ‘घराघरात अधिकारी घडवा’, ‘भारत बौद्धमय करू’. या घोषणा चुकीच्या नाहीत. आम्हीही त्या घसा बसेपर्यंत दिल्या आहेत. ज्या समाजाला माणूस म्हणून स्वप्न पाहण्याचाच हक्क नव्हता, त्याने मोठेच स्वप्न पाहिले पाहिजे. प्रश्न फक्त एवढाच आहे की १५ एप्रिलच्या सकाळी उठून नेमके काय करायचे?

काही वर्षांपूर्वी आम्ही जयंतीच्या मंचावरून जाहीर केले की पाच वर्षांत या वस्तीतून दहा अधिकारी घडवू. टाळ्या पडल्या, फोटो निघाले. दुसऱ्या दिवशी मंडप उतरला आणि विहाराला कुलूप लागले. त्याच वर्षी वस्तीतल्या एका मुलीचा इंजिनिअरिंगचा आरक्षित जागेवरचा प्रवेश गेला. गुण भरपूर होते, पण जात पडताळणी प्रमाणपत्र मुदतीत मिळाले नाही. १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा हवा होता. तो होता आजोबांच्या शाळेच्या दाखल्यात, आणि तो दाखला गावाकडच्या शाळेतून कोणी आणलाच नव्हता. अर्ज कधी करायचा, हेही त्या घराला कोणी सांगितले नव्हते. ते घर विहाराच्या अगदी समोर आहे. दहा अधिकारी घडवायला निघालेल्या आम्हाला एका मुलीसाठी एक दाखला आणता आला नाही.

त्या वर्षी आम्ही महाडचा इतिहास पुन्हा वाचायला घेतला. आपण २० मार्च १९२७ ही तारीख पाठ करतो. बाबासाहेब तळ्याच्या पायऱ्या उतरतात, ओंजळीने पाणी पितात, हे चित्र आपल्या डोळ्यांसमोर असते. पण त्या ओंजळीच्या आधी काय काय घडले होते? ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेल्या विहिरी, पाणवठे, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या झाल्या, पण कागदावर. पुढे महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. तोही कागदावर राहिला. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. जानेवारी १९२५ मध्ये तिने सोलापुरात हायस्कूलच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. मोजकी मुले, त्यांच्या जेवणाची, कपड्यांची, वह्यापुस्तकांची सोय. जातिव्यवस्थेच्या डोंगरापुढे हे काम केवढेसे! तरी बाबासाहेबांना ते किरकोळ वाटले नाही.

मग महाडची परिषद ठरली. रामचंद्र बाबाजी मोरे, संभाजी तुकाराम गायकवाड यांच्यासारखे कार्यकर्ते आधी गावोगाव फिरले. परिषदेला येणाऱ्या लोकांसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले, कारण अस्पृश्यांना पाणी पिता येईल अशी जागाच तिथे नव्हती. पाण्याच्या हक्काची लढाई पाणी विकत घेऊन सुरू झाली! हे चाळीस रुपये कोणी मोजले, पाणी कोणी भरले, भाकरीची सोय कोणी केली, त्यातल्या बहुतेकांची नावे इतिहासात नाहीत. त्यांच्याशिवाय मात्र २० मार्च उजाडला नसता. आणि त्या दिवशीही लढाई संपली नाही. लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ झाले, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेले. उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला तो मार्च १९३७ मध्ये. म्हणजे एका तळ्याच्या पाण्यासाठी ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे लागली.

इथे आपल्यातलाच एक तरुण आम्हाला विचारतो, “म्हणजे पुन्हा तेच? हळूहळू होईल, धीर धरा? हे तर ते लोक आपल्याला कायमच सांगत आले.” हा आक्षेप महत्त्वाचा आहे, तो टाळून चालणार नाही. ‘हळूहळू’ हा शब्द आपल्याविरुद्ध शस्त्रासारखा वापरला गेला आहे. समाजाचे मन बदलेपर्यंत थांबा, असे सांगून हक्क नाकारले गेले. २५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतील भाषणात बाबासाहेबांनी राजकीय समता आणि सामाजिक विषमता यांतली विसंगती शक्य तितक्या लवकर दूर करण्याचा इशारा दिला, तो यासाठीच.

म्हणून एक फरक नीट समजून घेऊ. हक्काची मागणी टप्प्याटप्प्याने करायची नसते. ती पहिल्या दिवसापासून पूर्णच असते. टप्पे असतात ते आपल्या तयारीचे. महाडला कोणी अर्ध्या तळ्याचा हक्क मागितला नाही. पण त्या पायऱ्यांपर्यंत हजारो माणसे पोहोचावीत म्हणून एकेक गाव गाठले गेले. जो आपल्याला ‘मागणी लहान कर’ म्हणतो तो आपला हितचिंतक नाही. जो ‘उद्याचे काम आज ठरव’ म्हणतो, तो चळवळीतला माणूस आहे.

आम्ही काय केले ते सांगतो, कौतुकासाठी नाही, चुकांसाठी. आधी आम्हाला हजार पुस्तकांचे ग्रंथालय काढायचे होते. निधीची वाट पाहण्यात आठ महिने गेले. शेवटी एवढेच ठरवले की रोज संध्याकाळी सात ते दहा विहार उघडा ठेवायचा. सतरंजी, दोन ट्यूबलाइट आणि आळीपाळीने किल्ली सांभाळणारे चौघे. पहिल्या आठवड्यात चार मुले आली, त्यातली तीन मोबाइल चार्ज करायला. तरी कुलूप उघडत राहिलो. दुसऱ्या वर्षी अकरावीतल्या प्रत्येक मुलामुलीची एक फाइल केली. जातीचा दाखला, १९५० पूर्वीचा पुरावा, उत्पन्नाचा दाखला, आधार जोडलेले बँक खाते. जे कागद नाहीत ते दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून आणायचे. तिसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचे अर्ज. तेव्हा कळले की अर्ज भरून भागत नाही, तो महाविद्यालयाच्या लॉगिनवर महिनोन्‌महिने पडून राहतो. एका महाविद्यालयात आम्ही सात फेऱ्या मारल्या. आठव्या वेळी बारा विद्यार्थी एकत्र गेले आणि लेखी निवेदन दिले. अर्ज पुढे सरकले. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्यांसाठी स्वाधार योजना आहे, हेही त्याच धावपळीत मुलांना कळले.

दहा अधिकारी अजून झालेले नाहीत. खरे सांगायचे तर एकही झालेला नाही. पण गेली तीन वर्षे कागदाअभावी वस्तीतल्या एकाही मुलाचा प्रवेश गेलेला नाही. आणि ज्या बारा जणांनी ते निवेदन दिले, त्यांतले पाच जण आज स्वतः किल्ली सांभाळतात.

लहान पाऊल म्हणजे कोणतेही पाऊल नव्हे. वह्यावाटप, बिस्किटवाटप, फोटो आणि पोस्ट, हेही लहानच असते, पण ते कुठेच नेत नाही. पाऊल उचलण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात. एक, त्याला तारीख आणि जबाबदार माणूस आहे का? ‘समाजाने केले पाहिजे’ याचा अर्थ कोणीच करणार नाही असा होतो. दोन, ते एखाद्या पुढाऱ्याच्या पैशावाचून होईल का? ज्याचा मंडप, त्याचाच शब्द चालतो. तीन, त्यातून पुढचे पाऊल निघते का? दाखल्यातून शिष्यवृत्ती, शिष्यवृत्तीतून जाब विचारणे, जाब विचारण्यातून संघटन. असा धागा नसेल तर ते समाजकार्य असेल, चळवळ नाही.

सोलापूरच्या त्या वसतिगृहानंतर एकवीस वर्षांनी, १९४६ मध्ये, मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय उभे राहिले. येवल्याच्या १९३५ च्या घोषणेपासून १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेपर्यंतही एकवीसच वर्षे. या काळात बाबासाहेब घोषणेवर थांबले नाहीत आणि घोषणा लहानही केली नाही.

तरुण मित्रांनो, येत्या रविवारी एकच काम करा. आपल्या वस्तीतल्या विहाराची किल्ली कोणाकडे आहे ते शोधा. तिथल्या ज्येष्ठांशी आदराने बोला, आठवड्यातून तीन संध्याकाळी विहार उघडण्याची जबाबदारी स्वतःच्या नावावर घ्या. मग वस्तीत अकरावीला किती मुले-मुली आहेत त्यांची यादी करा आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारा, १९५० पूर्वीचा पुरावा आहे का? पुढचे काम काय, ते ती घरेच तुम्हाला सांगतील.

जय भीम!