कमरेचे पिस्तूल आणि पैनगंगेचा काठ : स्वसंरक्षणाच्या हक्काचा इतिहास

१/ १७ सप्टेंबर जवळ आला, की मराठवाडा मुक्तिसंग्रामाच्या चर्चेत एक विधान हमखास डोकावते : ‘त्या काळी घराघरांत पिस्तूल असते, तर रझाकारांची हिंमतच झाली नसती.’ विधान आकर्षक आहे आणि त्यामागची वेदना खरी आहे. मात्र इतिहासाच्या कसोटीवर ते कितपत टिकते, हे तपासण्यासाठी हिंगोलीसारखी दुसरी भूमी नाही.

२/ प्रथम पार्श्वभूमी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झाला. १९४८ पूर्वी हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्याआधी हैदराबाद कंटिन्जंट या इंग्रजी अधिकाऱ्यांच्या फौजेची छावणी हिंगोलीत होती. पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थान. एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये आणि दोन कायदे होते.

३/ ब्रिटिश बाजूचा कायदा विसंगत होता. १८६० च्या भारतीय दंडसंहितेने स्वसंरक्षणाचा हक्क मान्य केला. प्राणावर बेतल्यास हल्लेखोराचा जीव घेण्याचीही मुभा दिली. पुढे अठरा वर्षांनी, व्हाइसरॉय लिटनच्या कारकिर्दीत, १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि परवान्याविना शस्त्र बाळगणे हा गुन्हा ठरला. युरोपियनांना मात्र परवान्यातून सूट होती. हक्क सर्वांना आणि साधन मोजक्यांना, असा तो न्याय होता.

४/ या अपमानाची सल इतकी खोल होती, की अहिंसेचे पुरस्कर्ते असलेल्या गांधीजींनीही १९१८ मध्ये या कायद्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना केली. १९३१ च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या यादीत नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट केला. आजच्या पिढीला हे सहसा सांगितले जात नाही.

५/ आता निजामाचा काठ. २९ नोव्हेंबर १९४७ रोजी हैदराबादने भारताशी ‘जैसे थे’ करार केला. परंतु संस्थानात लातूरचे वकील कासिम रझवी यांच्या नेतृत्वाखालील रझाकार संघटना दिवसेंदिवस बळावत गेली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानांतून संस्थानात चोरून शस्त्रे आणत होता. रझाकारांपाशी बंदुका होत्या, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्यांच्या पाठीशी सत्ता होती.

६/ येथेच ‘घराघरांत पिस्तूल’ या कल्पनेची पहिली कसोटी लागते. गावावर सशस्त्र टोळी चालून येते, पोलीस तिच्याकडे काणाडोळा करतात आणि शेजारच्या गावाला खबर देण्याची सोय नसते. अशा वेळी एका घरातील एक पिस्तूल काय करील? कदाचित एखादा हल्लेखोर पडेल. त्याचा सूड मात्र अवघ्या गावावर उगवला जाईल. पिस्तूल एका माणसाचे रक्षण करू शकते, गावाचे नाही.

७/ म्हणूनच सीमेवरील लोकांनी निराळा मार्ग धरला. हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी भारतीय हद्दीत सरहद्द केंद्रे उभारली. पैनगंगेपलीकडचे उमरखेड हे त्यांतील एक प्रमुख केंद्र होते. तेथे शस्त्रे होती, परंतु त्यांच्या जोडीला शिस्त होती, पहारा होता, बातमीदारांचे जाळे होते आणि आदेश देणारे नेतृत्व होते. वसमत तालुक्यातील वापटीचे हुतात्मा बहिर्जी शिंदे याच लढ्याचे. त्यांचे नाव आज वसमतच्या महाविद्यालयाला आहे.

८/ ३० जानेवारी १९४८ रोजी मुक्तिसंग्रामातील स्वयंसेवकांनी आताच्या नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँकेवर छापा घातला. हाती आलेली लाखोंची रक्कम कोणाच्या खिशात गेली नाही, लढ्याच्या तिजोरीत गेली. शस्त्र संघटनेला उत्तरदायी असले म्हणजे काय होते, याचे हे उदाहरण.

९/ त्याच दिवशी सायंकाळी दिल्लीत प्रार्थनासभेला निघालेल्या गांधीजींवर तीन गोळ्या झाडल्या गेल्या. मारेकऱ्याने बेरेटा पिस्तूल लपवून आणले होते. त्याआधी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडणाऱ्या अनंत कान्हेरे यांच्यापाशीही लपवून आणलेले पिस्तूलच होते. दोन्ही घटनांचे हेतू आणि संदर्भ सर्वस्वी भिन्न आहेत. त्यांना एका तराजूत तोलता येत नाही. तरी शस्त्राचा स्वभाव दोन्हीकडे एकच दिसतो.

१०/ तो स्वभाव असा : लपवलेले पिस्तूल ज्याने आधी ठरवले त्याला साथ देते. हल्लेखोराला वेळ, जागा आणि सावज ठाऊक असते. बचाव करणाऱ्याला यांतील काहीच ठाऊक नसते. २२ ऑगस्ट १९४८ रोजी हैदराबादेत ‘इमरोज’चे संपादक शोएबुल्ला खान रात्री घरी परतत असताना मारले गेले. रझाकारांविरुद्ध निर्भयपणे लिहिणारा हा मुसलमान पत्रकार. अचानक आलेल्या गोळीपुढे त्यांच्या खिशातील पिस्तूल कितपत कामी आले असते?

११/ १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. कथा बहुधा येथेच संपवली जाते. ती पुढेही वाचावी. कारवाईनंतरच्या हिंसाचाराची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीने २७ ते ४० हजार लोक मारले गेल्याचा अंदाज वर्तवला. बळी प्रामुख्याने मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. मुसलमानांची शस्त्रे काढून घेतली गेली, हिंदूंची मात्र अनेकदा त्यांच्याकडेच राहिली, असेही समितीने नोंदवले. हा अहवाल कित्येक दशके जनतेसमोर आला नाही.

१२/ तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहावेत. १८७८ मध्ये गोरे सशस्त्र, प्रजा निःशस्त्र. १९४७-४८ मध्ये रझाकार सशस्त्र, रयत निःशस्त्र. सप्टेंबर १९४८ नंतर एक समाज निःशस्त्र, दुसरा सशस्त्र. बळी बदलले, सूत्र तेच राहिले : सत्तेने ज्याच्या हाती शस्त्र राहू दिले तो वरचढ ठरला. म्हणून ‘पिस्तूल होते की नव्हते’ हा दुय्यम प्रश्न आहे. कायदा सर्वांना समान होता का, हा मुख्य प्रश्न आहे.

१३/ या रक्तपाताला तीन महिनेही झाले नव्हते, तेव्हा डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी दुरुस्ती मांडली. कामत मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी, म्हणजे पैनगंगेच्या पलीकडच्या काठाचे. डॉ. आंबेडकरांनी ती स्वीकारली नाही. कोणीही बाजारात जाऊन मारक साधने बिनदिक्कत विकत घेऊ लागला, तर राज्यकारभार चालणार कसा, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. शतकानुशतके गावगाड्याची हिंसा सोसलेल्या समाजाचा हा नेता होता. संरक्षणाची गरज त्यांना अधिक कोणी समजावून सांगण्याचे कारण नव्हते.

१४/ पुढे १९५९ चा शस्त्र कायदा आला. स्वसंरक्षणासाठी आजही जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे परवाना मागता येतो. नकार मिळाल्यास अपीलही करता येते. विशेष म्हणजे २०१६ च्या नियमांनुसार परवानाधारकाने सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल होल्स्टरमध्ये आणि पूर्णपणे झाकूनच न्यायचे असते. ते मिरवण्यास मनाई आहे. झाकलेले पिस्तूल कायद्याला अमान्य नाही. त्यामागे नोंद, कारण आणि जबाबदारी असावी, एवढीच त्याची अट आहे.

१५/ गावठी कट्टा हातात घेऊन चित्रफिती टाकणाऱ्या तरुणांना यांतील काहीच लागू होत नाही. तो कट्टा मुक्तिसंग्रामाचा वारसा नव्हे. त्याला ना संघटना, ना हिशेब, ना उत्तरदायित्व. दहशत दाखवण्यासाठी बाळगलेले शस्त्र रझाकारी परंपरेच्या जवळ जाते, उमरखेडच्या नव्हे.

१६/ तथापि, निःशस्त्र राहण्याचा सल्ला देणे सोपे असते. नागरिकाने शस्त्र राज्याच्या हाती सोपवले, तेव्हा राज्याने त्याच्या रक्षणाचे वचन दिले. दूरच्या वस्तीवरून मदतीची हाक आली आणि पोलीस पोहोचलेच नाहीत, किंवा तक्रारदाराची जात-धर्म पाहून पोहोचले, तर ते वचन मोडले जाते आणि कमरेचे पिस्तूल पुन्हा मोहक वाटू लागते. त्या मोहावरचा उतारा उपदेशात नाही, वेळेवर आणि समानपणे मिळणाऱ्या संरक्षणात आहे. १७ सप्टेंबरला ध्वजवंदनानंतर राज्यकर्त्यांना विचारावा असा प्रश्न हाच : त्या वचनाचे काय झाले?

#मराठवाडा_मुक्तिसंग्राम #हिंगोली #इतिहास