नऊ तासांचा हिशोब

‘मुंबई-लंडन म्हणजे काय हो, नऊ तास!’ असं कुणी म्हटलं की माझ्यातला बी.कॉम. खवळून उठतो. हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आणि उड्डाण नऊ-दहा तासांचं, हे कबूल. पण हे झालं मुद्दल! डोंबिवली ते विमानतळ, तीन तास आधीची हजेरी, तिकडची पासपोर्टाची रांग, हे व्याज कोण धरणार? ‘रात्री दोनला निघालो, सकाळी सातला लंडनात!’ अशी बढाई मारणाऱ्यांनी तर एकदा लेजर घेऊन माझ्या टेबलाशी यावं. लंडनचं घड्याळ आपल्यामागे हिवाळ्यात साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. जाताना जमा दिसलेले तास परतताना नावे पडतातच. येताना वारा पाठीशी असतो, म्हणून थोडी सूट, बस्स.

थट्टा राहू द्या. मुलगा परदेशी निघाला की म्हातारी आई ‘नऊच तास’ हा आकडा जपमाळेसारखा ओढत बसते. उद्या तिच्या छातीत कळ आली, तर रजा, तिकीट, टॅक्सी करता करता त्याचे दोन दिवस सहज जातात. तेव्हा अंतर सांगायचं तर दारापासून दारापर्यंतचं सांगा. विमान विमानतळावर उतरतं; आई घरी असते.