विश्लेषण : साठी ओलांडलेल्या खेळाडूंचे संघ कसे पाडतात? अमेरिकी सॉफ्टबॉलमधला ‘ड्राफ्ट’ काय आहे?

गल्लीत क्रिकेट खेळलेल्या प्रत्येकाला भिडू निवडायची रीत ठाऊक असते. दोन कॅप्टन, आळीपाळीने एकेक नाव, आणि शेवटी उरलेला एक जण, जो कुणालाच नको असतो. अमेरिकेत हा प्रश्न साठी-सत्तरीच्या मंडळींपुढे दर हंगामाच्या सुरुवातीला उभा राहतो. तिथे ज्येष्ठांचे हौशी सॉफ्टबॉल चांगलेच रुजले आहे. फ्लोरिडातील सेंट पीटर्सबर्गचा ‘किड्स अँड कब्ज’ हा पंचाहत्तरी गाठलेल्यांचा क्लब तर १९३० पासूनचा. बेसबॉलपेक्षा मोठा, १२ इंच परिघाचा चेंडू आणि हात खालून फिरवून केलेली संथ, कमानदार फेक, यामुळे हा खेळ उतारवयातही झेपतो.

समतोलाचा एवढा आग्रह कशासाठी?

संघ आपापले जमवू दिले की चांगले खेळाडू एकमेकांना धरून राहतात. मग एक संघ दर आठवड्याला धुव्वा उडवतो आणि दुसरा दर आठवड्याला मार खातो. तरुणांच्या लीगमध्ये हरणारा पुढच्या वर्षी तयारी करून येतो; ७२ वर्षांचा माणूस यायचाच थांबतो. दुखऱ्या गुडघ्याला पट्टा बांधून सकाळी मैदानावर पोहोचायचे, ते २२-३ असे हरायला कोण जाईल? चार संघांच्या लीगमधून एका संघाची निम्मी माणसे गळाली की उरलेल्या तिघांचे वेळापत्रकही कोलमडते.

नियमांनी थोडा आधार दिला आहे. ज्याला पळवत नाही त्याच्याऐवजी दुसरा धावतो. (आंतरराष्ट्रीय क्रिकेटने २०११ मध्ये बंद केलेली ‘रनर’ची सोय इथे आनंदाने नांदते आहे.) बऱ्याच लीगमध्ये एका डावात पाचच धावा मोजल्या जातात. पण अशा मर्यादेने धावफलक सभ्य दिसतो, सामना चुरशीचा होत नाही. चुरस हवी तर संघच नीट पाडावे लागतात.

ड्राफ्ट चालतो कसा?

आयपीएलमुळे आपल्याकडे लिलाव घरोघरी पोहोचला. ड्राफ्टमध्ये पैसा नसतो, पाळी असते. अमेरिकी फुटबॉलच्या एनएफएलमध्ये फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांच्या आग्रहाने १९३६ मध्ये पहिला ड्राफ्ट झाला. तळाच्या संघाने आधी निवडायचे, हे त्याचे सूत्र. गंमत म्हणजे त्यात सर्वप्रथम निवडला गेलेला जे बर्वांगर एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही.

हौशी लीगमध्ये दरवर्षी सगळे संघ मोडून नव्याने बांधायचे असतात. तिथे सापासारखी वळणारी पाळी कामाला येते. समजा चार संघ आहेत आणि १६ खेळाडूंना १ ते १६ असे क्रमांक दिले आहेत. प्रत्येक फेरीत तोच कर्णधार आधी निवडू लागला, तर पहिल्याकडे १, ५, ९, १३ जातात, बेरीज २८. चौथ्याकडे ४, ८, १२, १६, बेरीज ४०. आता दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, तिसऱ्यात पुन्हा सुलटा. पहिल्याला १, ८, ९, १६ मिळतात आणि चौथ्याला ४, ५, १२, १३. दोघांचीही बेरीज ३४, मधल्या दोघांचीही तितकीच.

मग बिघडते कुठे?

कागदावरच्या बेरजेला गुडघे नसतात. पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकात जेवढी तफावत असते, तेवढी पंधराव्या-सोळाव्यात नसते. चेंडू नेमका टाकणारा पिचर एखाद्या संघाला मिळालाच नाही, तर बाकीचे कितीही चांगले असोत, उपयोग नाही. म्हणून पिचर आधी वाटून घेऊन मग ड्राफ्ट सुरू करणे शहाणपणाचे. कर्णधार स्वतः उत्तम खेळाडू असेल, तर त्यालाही त्याच्या फेरीतली एक निवड धरायला हवी. नाहीतर तो फुकटात पडतो. एकाच गाडीतून येणाऱ्या मित्रांना किंवा नवरा-बायकोला एकत्र ठेवायचे, तर त्या जोडीसाठी दोन फेऱ्या मोजाव्या लागतात.

सर्वात नाजूक गोष्ट गुणांकनाची. या वयात गेल्या वर्षीचा खेळ यंदा असेलच असे नाही. एका शस्त्रक्रियेने तिसऱ्या क्रमांकाचा खेळाडू विसाव्यावर येतो, पण सांगायचे कोणी? शिवाय आपला मित्र शेवटच्या फेरीत पदरात पडावा म्हणून त्याला मुद्दाम कमी गुण देणारे कर्णधारही असतात. यावर जुना घरगुती तोडगा आहे : वाटे एकाने करायचे, उचलायचे दुसऱ्याने. सगळ्या कर्णधारांनी मिळून चार संघ तयार करायचे आणि कोणाला कोणता संघ, हे नंतर चिठ्ठ्या टाकून ठरवायचे. आपल्या वाट्याला काय येणार हेच माहीत नसेल, तर लबाडी करून फायदा नाही. साध्या ड्राफ्टपेक्षा ही रीत अधिक विश्वासाची.

शेवटी निवडल्या जाणाऱ्याचे काय?

निवड बंद दाराआड व्हावी, गुणांची यादी बाहेर फुटू नये आणि संघ जाहीर करताना नावे आडनावांच्या वर्णक्रमाने लावावीत. आयुष्यभर कारखाना किंवा शाळा चालवलेल्या माणसाला आपण ‘सर्वात शेवटचे’ ठरलो हे कळण्याची काहीच गरज नाही. दरवर्षी संघ मोडल्याने जुन्या सोबत्यांची ताटातूट होते, ही तक्रार मात्र खरी आहे. ज्यांना एकत्र राहून करंडक जिंकायचा आहे, त्यांच्यासाठी वयोगटांनुसार होणाऱ्या स्पर्धा आहेत. घरच्या लीगमध्ये त्यांचा हट्ट चालू देऊ नये. आणि इतके करूनही एखादा संघ पहिले चार सामने ओळीने हरला, तर दोन खेळाडूंची अदलाबदल करण्याचा अधिकार समितीकडे हंगामाआधीच लेखी दिलेला असावा. हरू लागल्यावर मागितला, तर तो कोणी देत नाही.