मागावी लागू नये अशी वस्तू

परवाची गोष्ट. सकाळचे साडेअकरा वाजले होते. भरिताची वांगी भाजून नुकतीच ताटलीत काढली होती, तोच दारात शेजारची मुलगी येऊन उभी राहिली. खांद्याची बॅग कमरेमागे धरलेली, ओढणी कमरेला गुंडाळलेली. "काकू, आई कामावर गेलीय. आमची किल्ली द्या," एवढेच बोलली आणि मान खाली घातली.

तुम्हा-आम्हाला यापुढे काही सांगावे लागत नाही. मी तिला आत घेतले, न्हाणीघर दाखवले, कपाटातले पॅड दिले. चहा पिताना मग हळूहळू बोलती झाली. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्या दिवशी प्रॅक्टिकल होते, ते बुडाले. यंदाची ही तिसरी खेप. "मी तरी फैजपूरची, एस.टी. पकडून घरी आले. पलीकडच्या खेड्यांतून, सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या मुली कुठं जाणार? वर्ग रिकामा होईपर्यंत बाकावरून उठतच नाहीत त्या."

मी आपला सगळ्यांसारखाच सल्ला दिला. "अगं, मग मॅडमकडे मागायचं की! त्यात काय लाजायचं?"

तिने जे सांगितले ते ऐकून मीच गप्प बसले. कॉलेजात पॅड आहेत, पण ते ऑफिसातल्या कपाटात. कपाटाची किल्ली भाऊसाहेबांकडे. वहीत नाव आणि वर्ग लिहायचा, सही करायची, तेव्हा एक मिळणार. तोवर खिडकीशी फीच्या पावतीसाठी मुलांची रांग लागलेली. बाथरूममध्ये पाच रुपयांचे नाणे टाकायचे यंत्रही आहे. बसवले तेव्हा फीत कापली, फोटो निघाले. आता त्यात पॅड नसतात. नाणे तेवढे जाते.

रात्री भिंतीपलीकडून तिच्या वडिलांचा आवाज ऐकू आला. माणूस वाईट नाही, मुलीला शिकवतोय. पण वैतागला होता. "एवढी अडचण होते तर बाहेरून परीक्षा दे. दोन वर्षांत लग्नच करायचं आहे." तिची आई काही बोलली नाही. मला मात्र झोप येईना. एका पॅडपायी एक प्रॅक्टिकल बुडते, तीन प्रॅक्टिकलपायी हजेरी कमी पडते आणि हजेरीपायी कॉलेजच सुटायची भाषा निघते. मुलींचे शिक्षण काही एका दिवसात थांबत नाही. ते असे उसवत जाते.

आता तुमच्यापैकी कुणी म्हणेल, मुलीने आपली आपण काळजी घ्यायला नको का? बॅगेत एक ठेवायला काय होते? ठेवावेच. माझ्या सुनेलाही मी तेच सांगते. पण मैत्रिणींनो, जरा आपले दिवस आठवा. अठरा-एकोणीसच्या वयात पाळी काही कॅलेंडर पाहून येत नाही. परीक्षेची धास्ती, जागरण, प्रवास, अशक्तपणा, कशानेही चार दिवस पुढे-मागे होते. शिवाय बॅगेतले एक पॅड मैत्रिणीला देऊन टाकलेले असते. आणि ज्या घरी महिन्याचे पाकीट आणणेच जड जाते, तिथल्या मुलीने बॅगेत जादा काय ठेवायचे?

कॉलेजच्या बाथरूममध्ये पाणी असते, दिवा असतो. साबण नसला तर आपण नावे ठेवतो. बल्ब घरून आण असे कुणी मुलीला सांगत नाही. पाण्यासाठी वहीत सही करावी लागत नाही. मग त्याच खोलीत लागणारी हीच एक वस्तू कुलपात का? ती तिथे, हाताशी, न मागता मिळाली पाहिजे. फुकट हा शब्द पुष्कळांना खटकतो. मला तर वाटते, यात पैशापेक्षा मागावे लागणेच जास्त महाग पडते.

तरी पैशाचा हिशेब मांडूच. घरखर्चाची वही आपल्याच हातात असते, तेव्हा हा हिशेब आपल्यालाच जमेल. समजा, कॉलेजात चारशे मुली आहेत. पाळीचे चक्र साधारण अठ्ठावीस दिवसांचे. म्हणजे रोज सरासरी चौदा मुलींची पाळी सुरू होणार. कॉलेजची वेळ सहा तासांची, म्हणजे दिवसाचा पाव भाग. त्या वेळात अडचणीत सापडणाऱ्या मुली तीन किंवा चार! दुपारी बदलायला लागणारे धरून रोज दहा पॅड म्हणजे पुष्कळ झाले. जनऔषधी दुकानांत २०१९ च्या ऑगस्टपासून 'सुविधा' नावाचे पॅड एक रुपयाला एक या भावाने विकले जाऊ लागले. त्या भावाने रोजचे दहा रुपये. कॉलेजचे दिवस दोनशे धरले तर वर्षाचे दोन हजार. बाजारातले पाच रुपयांचे पॅड घेतले तरी दहा हजार. मुलीमागे वर्षाला पंचवीस रुपये. स्नेहसंमेलनाच्या मांडवालाही याहून जास्त लागतात.

आणि ही काही चैनीची वस्तू नव्हे, हे सरकारनेही मान्य केलेले आहे. पॅडवर पूर्वी बारा टक्के जीएसटी होता. देशभर बायकांनी ओरड केली, तेव्हा जुलै २०१८ मध्ये तो उठवला गेला. त्याच वर्षी ८ मार्चला आपल्या राज्यात 'अस्मिता' योजना सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत द्यायचे आणि ते बचत गटाच्या बायकांमार्फत पोचवायचे, अशी ती कल्पना. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींच्या पाळीतल्या स्वच्छतेसाठी देशभर एकसारखे धोरण आखा, असे केंद्र सरकारला सांगितले. पण हे सारे झाले शाळेपुरते. बारावी झाली की मुलगी जणू मोठी झाली, तिचे ती पाहील!

तिकडे स्कॉटलंडने काय केले पाहा. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या संसदेने कायदा मंजूर केला आणि १५ ऑगस्ट २०२२ पासून तो पुरता लागू झाला. शाळा, कॉलेज, विद्यापीठ, सगळीकडे ही साधने फुकट ठेवलीच पाहिजेत. ती मिळताना मुलीचा मान राखला गेला पाहिजे, हेही त्यात आले. मला ही दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोठी वाटली.

आपल्याकडे असा कायदा होईल तेव्हा होईल. तोवर काय? आम्ही भिशीतल्या चौघी त्या कॉलेजात गेलो. प्राचार्य सर आधी जरा अवघडले, टेबलावरचे कागद इकडचे तिकडे करू लागले. आमच्यातल्या सर्वांत वडील बाईंनी सरळ विचारले, "सर, तुमच्या घरी लेक आहे ना?" मग गाडी रुळावर आली. पहिल्या तीन महिन्यांचे पॅड आम्ही भिशीतून द्यायचे, पुढचे कॉलेजने पाहायचे, असे ठरले. मुलींच्या बाथरूममध्ये झाकणाचा एक डबा ठेवला. कुलूप नाही, वही नाही.

पहिल्या दोन दिवसांतच चाळीस पॅड संपले! लगेच सूर निघाला, "बघा, मुली घरी नेतात." मी म्हटले, नेत असतील. घरी बहीण असेल, आई असेल. ज्या घराला गरज आहे तेच घर नेते, पॅडची भाजी तर होत नाही! डबा भरत राहिलो. एरवीही साखर संपेल अशी धास्ती असली की माणूस जास्त भरून ठेवतो आणि रोज मिळते म्हटल्यावर लागेल तेवढीच आणतो. तसेच झाले. तिसऱ्या आठवड्यापासून डबा दिवसाकाठी सात-आठांवर आला.

तुम्हाला असे काही करायचे असेल तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते.

डबा बाथरूमच्या आत ठेवावा, बाहेर व्हरांड्यात नव्हे. जमिनीपासून उंच, कोरड्या जागी आणि झाकणाचा. यंत्र हवेच असेल तर ते भरायचे काम कुणा एका बाईच्या नावावर लावून घ्यावे. नाहीतर महिन्याभरात त्यावर धूळ बसते.

डब्याआधी दाराची कडी, पाणी आणि बॅग टांगायला खिळा, एवढे आहे का ते पाहावे. कडीच नसेल तर पॅड घेऊन मुलगी काय करणार?

झाकणाची कचऱ्याची टोपली प्रत्येक संडासात हवी. शेजारी वर्तमानपत्राचे तुकडे ठेवावेत. पॅड भांड्यात टाकले की ते तुंबते, उघडे टाकले की कुत्री ओढतात. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने एक सोपी युक्ती लोकांपुढे ठेवली. पॅड कागदात नीट गुंडाळायचे आणि वर लाल ठिपका काढायचा, म्हणजे कचरा निवडणाऱ्या बाईला ते उघडावे लागत नाही. आपली घाण दुसऱ्या बाईच्या हाताला लागू नये, हे आपण घरातल्या मुलींनाही शिकवले पाहिजे. टोपली रिकामी करणाऱ्या मावशींना हातमोजे द्यायला विसरू नये.

आणि मुलींना हेही सांगावे, की एकच पॅड सकाळी सहापासून घरी परत येईपर्यंत ठेवू नये. चार ते सहा तासांनी बदलावे. कपडा वापरणाऱ्या मुलीला कुणी कमी लेखू नये. सुती कपडा साबणाने स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवला तर तो चांगलाच. घात होतो तो कपाटामागे, अंधारात, दमट वाळवल्याने. आपण अंगणातल्या दोरीवर साड्या वाळत घालतो, तर त्या कपड्यालाही उन्हाचा एक कोपरा द्यावा. लपवण्यापायी दुखणी वाढतात.

जाता जाता एक विचार. आपल्या यावल-रावेरकडे केळीचा घड उतरला की खांब तोडून बांधावर टाकतात. त्याच खांबाच्या धाग्यापासून अहमदाबादेत पॅड तयार होऊन विकले जातात. माती त्यांना लवकर खाऊन टाकते, प्लॅस्टिकसारखे ते वर्षानुवर्षे उरत नाहीत. केळी आपली, खांब आपले, बचत गटही आपले. इथल्या कुणी हे काम मनावर घेतले तर डबा भरायला बाहेरचा माल कशाला लागेल?

१९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन आपल्या फैजपुरात भरले होते. हजारो पाहुण्यांची सोय या गावाने बांबू-तट्ट्यांच्या नगरात केली. त्या गावाला मुलींच्या बाथरूममधला एक डबा जड होऊ नये.

शेजारच्या मुलीचे काय झाले, हे विचाराल. बुडालेले प्रॅक्टिकल तिला पुन्हा करू दिले. आणि एक दिवस तिच्या आईने, भांडी घासता घासता म्हणे, नवऱ्याला सगळे सांगितले. बावीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्याच्यापुढे 'पाळी' हा शब्द उच्चारला. तो काही बोलला नाही. महिना संपला तेव्हा एस.टी.चा पुढल्या महिन्याचा पास मात्र स्वतः काढून आणला.

तुमच्या गावच्या कॉलेजात या आठवड्यात एक चक्कर टाका. ऑफिसात जाऊ नका, सरळ मुलींच्या बाथरूममध्ये जा. कडी लावून पाहा, नळ सोडून पाहा, आणि डबा आहे का ते पाहा. नसेल तर घरच्या कपाटातले एक पाकीट पिशवीत घालूनच गेलेल्या बऱ्या.