बोल्टाला लॉट नंबर आहे, कोळंबीच्या पिल्लाला नाही

पोस्ट मोठी आहे. पण घरात कुणी शेततळ्यात कोळंबी किंवा मासे सोडायच्या विचारात असेल, तर शेवटपर्यंत वाचा.

चाकण एमआयडीसीत एखादा बोल्ट नापास झाला, तर तो कुठल्या पुरवठादाराचा, कुठल्या लॉटमधला, कुठल्या शिफ्टला बनला हे तासाभरात कळतं. आमचे दाजी अशाच एका कंपनीत एकोणीस वर्षं क्वालिटीला होते. नोकरी सुटली, मिळालेल्या पैशातले काही त्यांनी खेड तालुक्यातल्या शेततळ्यात घातले आणि गोड्या पाण्यातली मोठी कोळंबी सोडली. व्यापारी तिला स्कॅम्पी म्हणतात. पिल्लं एजंटामार्फत आली. ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि बिलावर तीनच गोष्टी: नग, दर, रक्कम.

आठ महिन्यांनी जाळं ओढलं तेव्हा मी तिथंच होतो. मोजकी कोळंबी बरी, बाकी सगळी बोटाएवढी. सरासरी वीस ग्रॅमही भरेना. एजंटाचं उत्तर तयार होतं, "भाऊ, तुमचं पाणी चुकलं." दुसऱ्या दिवशी म्हणे खाद्य चुकलं.

आता खरं सांगायचं तर पाणी चुकलेलं असूही शकतं. स्कॅम्पीत नरांची वाढ मुळातच असमान असते, काही दांडगे होतात आणि त्यांच्या दडपणाखाली बाकीचे खुरटतात. त्यामुळं बीजच खराब होतं असं मी छातीठोक म्हणणार नाही. माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. बीज खराब होतं की नव्हतं, हे तपासायला कागदच नाही. एकोणीस वर्षं लॉट नंबर तपासलेला माणूस पिशवी उलटीपालटी करून बघत होता, त्यावर काहीच छापलेलं नव्हतं.

आपल्या भागातल्या माणसाला रक्ताचं महत्त्व शिकवायची गरज नाही. शर्यतीचा खिलार खोंड घेताना वळू कुणाचा, गाय कुणाची, हे दोन पिढ्या मागं जाऊन विचारतात. शेळीवाला दर दोन वर्षांनी बोकड बदलतो, कारण बोकड स्वतःच्याच पाटींवर गेला तर करडं मरतुकडी निघतात हे त्याला आजोबानं सांगितलंय. उरुळी कांचनच्या बाएफमधून येणाऱ्या रेतनाच्या कांडीवरसुद्धा वळूचा नंबर असतो. कोळंबीच्या बाबतीत मात्र कुणीच काही विचारत नाही.

आणि धोका इथंच जास्त आहे. गाय वर्षाला एक वासरू देते. स्कॅम्पीची चांगली मोठी मादी एका वेळी लाखाच्या घरात अंडी धरते. म्हणजे हॅचरीवाल्याला वर्षाचा धंदा करायला मूठभर माद्या पुरतात, आणि खर्च वाचवायचा तर तो मूठभरच ठेवणार. हिशेब सोपा आहे. 20 माद्या आणि 2 नर ठेवले, तर डोकी 22 दिसतात, पण आनुवंशिकतेच्या गणितात ती जेमतेम 7 धरली जातात. एका पिढीत अंतःप्रजनन सुमारे 7 टक्क्यांनी वाढतं. पुढच्या वर्षी त्याच पिल्लांतून पुन्हा आईबाप निवडले, की आणखी तेवढं. सख्ख्या भावाबहिणीचा जोड लागला तर एका फटक्यात 25 टक्के. वाढ मंदावते, पिल्लं कमी जगतात, रोगाला लवकर बळी पडतात.

ही नुसती पुस्तकी भीती नाही. अंबेकर एकनाथ आणि रॉजर डॉयल या दोघांनी शेजारच्या कर्नाटकातल्या मत्स्यबीज केंद्रांचा अभ्यास 1990 मध्ये छापला. रोहू, कटला, मृगळ यांच्यात दर पिढीला 2 ते 17 टक्के अंतःप्रजनन निघालं. त्याच डॉयल यांनी 2016 मध्ये खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीबद्दल इशारा दिला. परदेशी कंपन्या आपलं सुधारित वाण अशा रीतीनं विकतात, की त्याच्या पिल्लांपासून पुन्हा पैदास केली तर नात्यातच जोड लागतो. हे त्यांचं कुलूप. आणि स्वस्तात बीज विकणारे नकलाकार नेमकी तीच पैदास करतात. त्यामुळं रोगाचा फटका आणखी वाढतो, असं त्यांचं म्हणणं.

स्कॅम्पीचं तर आपल्या देशातच होऊन गेलंय. 2005 च्या सुमाराला वर्षाला 40 हजार टनांच्या वर गेलेलं उत्पादन पाच-सहा वर्षांत 10 हजारांच्या खाली आलं. रोग आले, 2009 नंतर व्हेनामी आली, आणि खुरटलेलं बीज हेही एक कारण होतंच.

उपाय नाही असंही नाही. भुवनेश्वरच्या सिफा संस्थेनं नॉर्वेच्या मदतीनं 1992 पासून रोहू सुधारला, तोच 'जयंती' रोहू. 2007 पासून त्यांनी गुजरात, केरळ आणि ओडिशा इथली स्कॅम्पी एकत्र आणून, कुणाचे आईबाप कोण याची नोंद ठेवत सुधारित वाणाचं काम केलं. म्हणजे सरकारी शास्त्रज्ञ वंशावळ लिहून ठेवतात, आणि ते वाण आपल्या बांधापर्यंत येईस्तोवर कागद वाटेतच गळून पडतो.

आता कायद्याचं बघा. किनाऱ्यावरच्या शेतीसाठी 2005 चा कायदा आहे, 2023 च्या दुरुस्तीनं हॅचऱ्या आणि पैदास केंद्रंही त्यात नीट आली. पण खेडचं गोड्या पाण्याचं शेततळं त्यात बसत नाही. 1966 च्या बियाणे कायद्यातलं बी म्हणजे पिकाचं बी. कांद्याच्या बियाण्याच्या पाकिटावर लॉट नंबर आणि उगवणीची टक्केवारी असते, बी फसलं तर शेतकरी ते पाकीट घेऊन ग्राहक आयोगात जातो. दाजी काय घेऊन जाणार, रिकामी पिशवी?

आणि यावर पैसा आपलाच जातोय. 'मागेल त्याला शेततळे'त तळी झाली, मत्स्यसंपदा योजनेत 40 टक्के, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना 60 टक्के अनुदान आहे. मग बीजाच्या बिलावर चार ओळी सक्तीच्या करायला काय अडचण आहे? पिल्लं कधीची, नर-माद्या किती, मूळ वाण कुठून आणलं, नवं रक्त शेवटचं कधी घातलं. ज्या बिलावर हे नाही, त्यावर अनुदान नाही.

एका जाणकारांनी मला सांगितलं, "अहो, असं केलं तर लहान हॅचऱ्या बंद पडतील." चाकणमध्ये चार लेथवर सुटे भाग बनवणारा वर्कशॉपवालासुद्धा लॉट नंबर टाकतोच की! वहीत चार ओळी लिहून हॅचरी बंद पडत असेल, तर त्या वहीत काय लिहावं लागेल याची भीती आहे, असाच अर्थ मी घेईन.

दाजी पावसाळ्यात पुन्हा पिल्लं आणणार आहेत. यावेळी त्यांनी या चार प्रश्नांचा कागद छापून तीन एजंटांना पाठवलाय, कंपनीत पुरवठादाराला पाठवायचे तसाच, खाली सही-शिक्क्याची जागा सोडून. आज अकरावा दिवस. दोघांनी फोन उचलणं बंद केलंय. तिसरा म्हणाला, "विचारून सांगतो."