कोरपन्याच्या दगडाचा हिशेब कोणाच्या वहीत?

गडचांदूरच्या पानठेल्यावर खर्रा घोटणाऱ्याच्या हाताकडे क्षणभर पाहावे. सुपारी, तंबाखू आणि वरून बोटभर चुना. पन्नीवर घासला जाणारा हा चुना म्हणजे भट्टीत भाजलेली चुनखडी. भाजताना तिच्यातला वायू उडून जातो आणि उरते चुनकळी. ती पाण्यात विरवली की झाला चुना. या ठेल्यापासून हाकेच्या अंतरावर हीच क्रिया अजस्र भट्ट्यांमध्ये रात्रंदिवस चालू असते. तिथे तापमान सुमारे 1,450 अंशांपर्यंत चढते, आणि बाहेर पडते क्लिंकर. तो दळून त्याचे सिमेंट होते.

आणि वायू? तो जातो कुठे?

शुद्ध चुनखडीचा एक टन भाजला की 440 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हे दहावीच्या रसायनशास्त्राचे गणित आहे, त्याला कोणत्याही हवामान परिषदेची गरज नाही. भट्टी तापवायला जळणाऱ्या कोळशाचा धूर यात धरलेलाच नाही. उद्या कोळसा सोडून सूर्याच्या उष्णतेवर भट्टी चालवली, तरी दगडातला वायू निघणारच. सिमेंट उद्योगाच्या एकूण उत्सर्जनात निम्म्याहून अधिक वाटा या दगडाचा आहे. माणसाने हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण सात-आठ टक्के सिमेंटच्या नावावर जमा होतो.

चंद्रपूर जिल्ह्यातला कोरपना तालुका या खात्यात 1980 च्या दशकापासून भर घालतो आहे. आवारपूर, गडचांदूर, उपरवाही, नारंडा ही नावे उर्वरित महाराष्ट्राला ठाऊक नसतील. सिमेंटच्या धंद्यात ती सर्वांच्या तोंडी आहेत. वर्धा आणि पैनगंगेच्या या पट्ट्यात जमिनीखाली चुनखडीचे थर आहेत. माणूस सोडा, मासाही जन्मला नव्हता तेव्हाच्या समुद्राच्या तळाशी ते साचले. तेव्हापासून दगडात निवांत पडून असलेला कार्बन आपण चार दशकांत धुराड्यातून मोकळा करत आलो. तालुक्याला त्याबदल्यात रोजगार मिळाला, बाजारपेठ वाढली, गडचांदूर शहर झाले. खाणीलगतच्या शेतकऱ्याची तक्रार मात्र जुनीच आहे: सुरुंगाचे हादरे आणि कपाशीच्या पानावर बसणारी पांढुरकी धूळ.

धूळ डोळ्यांना दिसते. वायू दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब जगाने मांडला. 2001 मध्ये सुरू झालेला ‘ग्लोबल कार्बन प्रोजेक्ट’ दरवर्षी पृथ्वीचा जमाखर्च मांडतो. 2023 साली जीवाश्म इंधने आणि सिमेंट मिळून 36.8 अब्ज टन कार्बन डायऑक्साइड हवेत गेला, हा त्याचाच आकडा. या वहीत सिमेंटला वेगळा रकाना आहे. आपल्या देशानेही या कामात हात लावला आहे. गोव्याच्या काबो द रामा किनाऱ्यावरची हवा 1993 पासून कुप्यांत भरून तपासणीसाठी ऑस्ट्रेलियात जात असे. सिंहगडावर पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने 2009 मध्ये मोजणी सुरू केली.

या हिशेबात प्रामाणिकपणा किती, याचे एक उदाहरण पाहा. 2016 मध्ये चीनसह अनेक देशांतल्या संशोधकांनी दाखवले की काँक्रीट आणि गिलावा हवेतला कार्बन डायऑक्साइड हळूहळू परत शोषतात. दगड भाजताना 1930 ते 2013 या काळात निघालेल्या वायूपैकी 43 टक्के असा परत मुरला. चुन्याची सफेदी भिंतीवर टणक होते, ती याच गुणाने. सिमेंटला सोयीचा आकडाही विज्ञानाने लपवला नाही.

उलटी बाजूही विज्ञानानेच सांगितली. 2022 च्या मार्च-एप्रिलमधली भारत-पाकिस्तानातली उष्णतेची लाट हवामान बदलामुळे सुमारे तीसपट अधिक संभाव्य झाली होती, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने काढला. मध्य भारतात विस्तीर्ण भागावर कोसळणारी अतिवृष्टी 1950 ते 2015 या काळात तिपटीने वाढली, हे पुण्याच्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी 2017 मध्ये मांडले. चंद्रपूरकराला ऊन शिकवायला कोणी नको, हे खरे. 2022 च्या जुलैत वर्धा नदीचे पाणी शेतात शिरले तेही कोणाला सांगायला नको. पण ऊन आणि पूर भोगणे वेगळे आणि त्यात आपल्या दगडाचा वाटा किती हे जाणणे वेगळे.

गोम इथेच आहे. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राने सिमेंटसह काही उद्योगांसाठी उत्सर्जनाची कारखानानिहाय उद्दिष्टे राजपत्रात छापली. म्हणजे आकडा आहे, पण दिल्लीच्या हिंदी-इंग्रजी राजपत्रात. ज्या गावाच्या शिवारातून दगड निघतो, त्या गावाच्या फलकावर तो मराठीत का नसावा?

‘म्हणजे घरकुलाला सिमेंट द्यायचे नाही का?’ असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. उत्तर सिमेंट बंद करण्यात नाही, क्लिंकर कमी करण्यात आहे. वीज केंद्राची राख मिसळून ते आजही होते. पुढची पायरी स्वित्झर्लंड, क्यूबा आणि आपल्या आयआयटींनी मिळून शोधली. निम्मे क्लिंकर, बाकी भाजलेली चिकणमाती, न भाजलेली चुनखडी आणि थोडा जिप्सम. माती 700 ते 850 अंशांतच भाजते आणि तिच्यातून निघते ती पाण्याची वाफ. उत्सर्जन 40 टक्क्यांपर्यंत उतरते. क्लिंकरला न चालणारा हलका दगडही यात खपतो. झाशीत अशा सिमेंटचे नमुना घर उभे आहे आणि भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये त्याला आयएस 18189 हे मानकही दिले. आता घोडे अडले आहे ते फक्त सरकारी निविदेतल्या एका ओळीपाशी.

कोरपना आणि शेजारच्या राजुरा तालुक्यातल्या ग्रामपंचायतींनी 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत दोन ठराव घ्यावेत. आपल्या शिवारातून वर्षाला किती टन दगड निघाला आणि त्यातून किती टन वायू गेला, हे कारखान्यांनी मराठीत फलकावर लिहावे. आणि तालुक्यातली पुढची अंगणवाडी किंवा शाळाखोली बांधकाम विभागाने कमी क्लिंकरच्या सिमेंटची बांधावी.